जंगलात किती आत जाता येतं? 'अर्ध्यापर्यंत' हे उत्तर कुठे कुठे खरं ठरतं?

रानवाट (धागाकर्ती):

कोडं बहुतेकांनी लहानपणी ऐकलेलं असेल. "जंगलात जास्तीत जास्त किती आत चालत जाता येईल?" ऐकणारा जंगल केवढं आहे ते विचारतो, जनावरांचा विचार करतो, पाय किती साथ देतील याचा अंदाज घेतो. मग उत्तर येतं: "अर्ध्यापर्यंत. त्याच्यापुढे तू बाहेर यायला लागतोस!"

मला हे कोडं मनापासून आवडतं. पुष्कळ कोड्यांत एखादी गोष्ट मुद्दाम दडवून ठेवलेली असते आणि उत्तर कळलं की फसवल्यासारखं वाटतं. इथे काहीच दडवलेलं नाही, सगळं प्रश्नातच समोर ठेवलेलं आहे.

पण उत्तर ऐकून, हसून लोक पुढच्या कोड्याकडे वळतात याची मला रुखरुख लागते. कारण 'अर्धं' म्हणजे कशाचं अर्धं, हे कोणी विचारतच नाही. वाटेचं, की जंगलाचं? माझं म्हणणं असं की या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. अगदी नाकासमोर सरळ चाललात तरी वेगळ्या. वाटेचं अर्धं ओलांडल्यावरही तुम्ही जंगलात आणखी आत, आणखी आत जात असू शकता.

उत्तर खोडून काढायला हा धागा काढलेला नाही. ते कुठे कुठे टिकतं ते सगळ्यांनी मिळून शोधू या.

आडवळण:

उत्तर पूर्ण बरोबर आहे, त्याला हात लावू नका :)
जिथून शिरलो त्या टोकापासून लांब जातोय तोवर आत. दुसऱ्या टोकाच्या जवळ पोचायला लागलो की बाहेर. ५ किलोमीटरची वाट असेल तर २.५ किलोमीटरला पारडं फिरलं. वाट नागमोडी असली तरी हिशोब तोच. आणि आलो त्याच वाटेने परत फिरलो तर सगळ्या चालण्याचं अर्धं झालं की परतीचा प्रवास सुरू, मग जंगल कोणत्याही आकाराचं असो.

रानवाट:

आडवळण, तुमची मोजणी धरली तर उत्तर पक्कं आहे, मान्य. पण त्या मोजणीत जंगल कुठे आहे? बोगद्यालाही तीच लागू पडते. जंगलाला दोन टोकं नसतात, सगळ्या बाजूंनी कड असते. वाट १० किलोमीटरची आहे आणि मी बरोबर मधोमध उभी आहे, पण डाव्या हाताला २०० मीटरवर झाडी संपून मोकळं माळरान लागतंय, तर मी जंगलात खोलवर आहे असं म्हणवेल का?

म्हणून मी वेगळं अंतर मोजते. आत्ता जिथे उभी आहे तिथून, कोणत्याही दिशेने, सगळ्यात जवळची कड किती लांब? त्याला आपण 'खोली' म्हणू. ही खोली वाढतेय तोवर आत, कमी व्हायला लागली की बाहेर.

गोगलगाय:

वाचतेय. खुर्ची धरून बसले आहे.

भूमितीवेडा:

खोलीची ही व्याख्या झकास आहे. आधी सोपं जंगल घेऊ, गोल. त्यात कुठूनही शिरा आणि सरळ चालत कुठूनही बाहेर पडा. मध्यबिंदूच्या जितके जवळ तितके तुम्ही खोल, आणि तुमची रेषा मध्यबिंदूच्या सगळ्यात जवळ जाते ती तिच्या बरोबर मध्यावर. म्हणजे गोल जंगलात कोडं शंभर टक्के खरं, तुम्ही मधून गेलात की कडेकडेने, फरक पडत नाही.

आता त्रिकोणी जंगल. बाजू ३, ४ आणि ५ किलोमीटर, म्हणजे काटकोन त्रिकोण. याची सगळ्यात खोल जागा म्हणजे अंतर्वर्तुळाचा (तिन्ही बाजूंना आतून टेकणाऱ्या वर्तुळाचा) मध्य, आणि त्याची त्रिज्या (३ + ४ − ५) ÷ २ = १ किलोमीटर. यापेक्षा खोल या जंगलात जाताच येत नाही.

सगळ्यात चिंचोळ्या कोपऱ्यातून शिरा, म्हणजे ३ किलोमीटरच्या बाजूच्या समोरचा कोपरा. कोन दुभागत सरळ चाला. समोरच्या बाजूपर्यंत वाट भरते सुमारे ४.२२ किलोमीटर. अर्धी वाट झाली २.११ किलोमीटरला. तिथे खोली किती? फक्त ६६७ मीटर. तुम्ही चालत राहता, खोली वाढत राहते, आणि १ किलोमीटरची सगळ्यात खोल जागा येते ३.१६ किलोमीटरला. बरोबर पाऊण वाटेवर!

म्हणजे कोडं म्हणतं 'आता बाहेर निघालास', तिथून पुढे आणखी एक किलोमीटरभर तुम्ही आतच जात असता.

गोगलगाय:

कागदावर काढून, पट्टीने मोजून पाहिलं. खरंच पाऊण. किती सुंदर आहे हे!

संशयात्मा:

हे त्या एका त्रिकोणापुरतं असेल. चिंचोळा कोपरा मुद्दाम निवडलात. रुंद कोपऱ्यातून शिरलं तर?

भूमितीवेडा:

संशयात्मा, चांगली शंका. काटकोनाच्या कोपऱ्यातून शिरलात तर वाट सुमारे २.४२ किलोमीटर आणि सगळ्यात खोल जागा १.४१ वर. म्हणजे बारा भागांतले सात भाग. अर्ध्याच्या पुढेच.

आणि हे कुठल्याही त्रिकोणाला लागू आहे. ज्या कोपऱ्यातून शिरलात तिथे मिळणाऱ्या दोन बाजूंची बेरीज घ्या, तिला तिन्ही बाजूंच्या बेरजेने भागा. वाटेच्या तेवढ्या हिश्शावर सगळ्यात खोल जागा येते. पहिल्या वाटेसाठी (४ + ५) ÷ १२, म्हणजे पाऊण. आता त्रिकोणाच्या कोणत्याही दोन बाजूंची बेरीज तिसरीपेक्षा मोठीच असते, हे शाळेत शिकलोय. त्यामुळे हा हिस्सा अर्ध्यापेक्षा नेहमीच जास्त येणार! त्रिकोणी जंगलात कोपऱ्यातून कोन दुभागत शिरणाऱ्याला 'अर्ध्यापर्यंत' हे उत्तर कधीच लागू पडत नाही. एकदासुद्धा नाही.

हे मला स्वतःला इतकं आवडलं की सकाळपासून जो भेटेल त्याला सांगत सुटलोय.

हातचलाखी:

गणित ज्यांच्या डोळ्यांपुढे येत नाही त्यांच्यासाठी एक प्रयोग सांगते. मी भाचीला घेऊन केला, तिला त्रैराशिकही येत नाही अजून, पण हे लगेच कळलं.

जाड पुठ्ठ्याचा १२, १६, २० सेंटिमीटर बाजूंचा त्रिकोण कापा (तोच ३-४-५). एका उपड्या वाटीवर तो आडवा, सपाट ठेवा. खाली मोठं ताट. आता वरून बारीक, कोरडं मीठ सावकाश ओतत राहा. सगळ्या कडांवरून मीठ सांडायला लागलं आणि ढिगाची उंची वाढायची थांबली की थांबा.

जो ढीग तयार होतो तो बघत राहावासा वाटतो. तीन कोपऱ्यांतून तीन धारदार कडे वर चढत येतात आणि एका टोकाला मिळतात. मिठाचा उतार सगळीकडे सारखाच असतो, त्यामुळे एखाद्या जागेवर मीठ किती उंच, ते ती जागा जवळच्या कडेपासून किती लांब यावर ठरतं. म्हणजे ढिगाची उंची हीच रानवाट म्हणतेय ती 'खोली'! आणि शिखर म्हणजे जंगलातली सगळ्यात खोल जागा.

आता डोळे टेबलाच्या पातळीला आणा आणि चिंचोळ्या कोपऱ्यातून येणारा कडा बाजूने बघा. लांबच लांब, संथ चढ. शिखर. आणि पलीकडे एकदम तीव्र, आखूड उतार. भाचीने बोट ठेवून दाखवलं, "जंगल इथपर्यंत आत जातं." बोट शिखरावर होतं, वाटेच्या मध्यावर नाही.

मीठ ओलसर असेल तर कडे नीट उमटत नाहीत, तव्यावर जरा कोरडं करून घ्या.

रानवाट:

हातचलाखी, हा प्रतिसाद म्हणजे धाग्याचं सार्थक! मी मांडू पाहत होते ते शब्दांपेक्षा मिठात जास्त स्वच्छ दिसतंय.

पाणवठा:

शंका: जंगलाच्या मध्यभागी तळं असेल तर? तळ्याचा काठ ही कड धरायची का? की जंगलाच्या आत असलेलं तळंही जंगलच?

हातचलाखी:

पाणवठा, पुठ्ठ्याला मधोमध भोक पाडून पाहा. मीठ त्या भोकातूनही खाली सांडतं आणि मध्ये खड्डा पडतो. शिखर उरतच नाही, त्याच्या जागी भोकाभोवती कड्याचं कडं तयार होतं. तळ्याचा काठ कड धरला तर सरळ चालत जाणारा एकदा कड्यावर चढतो, तळ्याकडे उतरतो, पलीकडे पुन्हा चढतो, पुन्हा उतरतो. 'आता बाहेर निघालास' ही वेळ एका चालण्यात दोनदा येते.

भूमितीवेडा:

भोक नसतानाही असं होऊ शकतं. नालेच्या आकाराचं जंगल, किंवा मध्ये आवळलेलं, डमरूसारखं. डमरूच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे चाललात तर मीठ दोन शिखरं देतं आणि मध्ये खिंड. पण जंगलाची कड कुठेही आत वळलेली नसेल, म्हणजे गोल, त्रिकोण, चौकोन, अंडाकृती, तर सरळ चालणाऱ्याची खोली एकदा वाढायची थांबली की पुन्हा कधीच वाढत नाही. फार तर काही काळ तेवढीच राहते. त्यामुळे कोड्याचा गाभा, 'आधी फक्त आत, मग फक्त बाहेर', तिथे शाबूत राहतो. बदलते ती फक्त पलटायची जागा.

आडवळण:

मी माझ्या मोजणीवरच ठाम आहे, पण मिठाचा ढीग आज घरी होणार.

अवांतर: अर्ध्यापर्यंत जायचं तर आधी पावापर्यंत जायला हवं, त्याआधी अर्धपावापर्यंत... इलियाचा ग्रीक तत्त्वज्ञ झेनो इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात हेच म्हणत होता, त्याचा युक्तिवाद ॲरिस्टॉटलने नोंदवून ठेवलाय. त्याच्या हिशोबाने तर जंगलात पहिलं पाऊलही पडायला नको.

भूमितीवेडा:

अर्धा + पाव + अर्धपाव + ... ही बेरीज कितीही पुढे नेली तरी १ च्या पलीकडे जात नाही आणि १ च्या हवं तितकं जवळ जाते. तुकडे अगणित, पण अंतर एकच किलोमीटर. चाला खुशाल.

संशयात्मा:

सगळे 'सरळ चाललात तर' असं गृहीत धरून चाललेत. माझा आक्षेप तिथेच आहे. दाट जंगलात माणूस सरळ चालतो का?

२००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात यान साउमन आणि सहकारी संशोधकांनी याची प्रत्यक्ष परीक्षा घेतली. जर्मनीतल्या बीनवाल्ड नावाच्या मोठ्या सपाट जंगलात लोकांना सोडलं आणि सांगितलं, तासन् तास एकाच दिशेने सरळ चालत राहा. अंगावर जीपीएस. ज्यांच्या वेळी ऊन होतं ते बऱ्यापैकी सरळ गेले. ज्यांच्या वेळी आभाळ भरलेलं होतं ते सगळे गोल फिरले, आणि त्यांच्यातले काही जण स्वतःचीच वाट पुन्हा ओलांडून गेले तरी त्यांना पत्ता लागला नाही. डोळे बांधून मोकळ्या जागेत चालवलं तेव्हा तर काहींची वर्तुळं अवघ्या २० मीटर व्यासाइतकी लहान निघाली.

एक पाय दुसऱ्यापेक्षा लांब असतो म्हणून माणूस गोल फिरतो असं पूर्वी सांगत. तसं असतं तर प्रत्येक जण कायम एकाच बाजूला वळला असता. पण तोच माणूस कधी डावीकडे वळत होता, कधी उजवीकडे. 'सरळ' म्हणजे कुठे, याचा मनातला अंदाजच थोडा थोडा सरकत जातो. सूर्य किंवा लांबचा डोंगर दिसत असला की हा अंदाज जागेवर राहतो.

तेव्हा ढगाळ दिवशी कोड्याचं उत्तर 'अर्ध्यापर्यंत' नाही. 'जिथून निघालास तिथपर्यंत' हेही असू शकतं.

रानवाट:

वा! म्हणजे आत जायला पाय पुरतात, पण सरळ जायला सूर्य लागतो.

गोगलगाय:

आणि हरवलोच तर? जंगलाचा आकार माहीत आहे, पण आपण कुठे आहोत आणि कोणत्या दिशेला तोंड आहे हे माहीत नाही. बाहेर पडायला कसं चालायचं?

भूमितीवेडा:

गोगलगाय, तुम्ही नकळत एक नावाजलेला प्रश्न विचारलात! रिचर्ड बेलमन या गणितज्ञाने १९५० च्या दशकात नेमका हाच मांडला. सर्वसाधारण जंगलासाठी तो आजही सुटलेला नाही. काही ठरावीक आकारांचीच उत्तरं माहीत आहेत.

गोल जंगल सोपं: सरळ चाला, जास्तीत जास्त व्यासाइतकं अंतर, नक्की बाहेर. पण लांबच लांब पट्ट्यासारखं जंगल घ्या, रुंदी १ किलोमीटर. तिथे सरळ चालणं घातक! नेमके पट्ट्याच्या दिशेने निघालात तर जन्मभर आतच. वळणं घेत चालायची एक ठरावीक वाट आहे, ती सुमारे २.२८ किलोमीटरांत हमखास बाहेर काढते, आणि त्याहून आखूड वाट असूच शकत नाही.

मला सगळ्यात आवडतं ते हे. जंगलाची कड एक सरळ रेषा आहे आणि ती तुमच्यापासून बरोबर १ किलोमीटरवर आहे, एवढंच माहीत. दिशा माहीत नाही. चटकन सुचतं ते असं: १ किलोमीटर सरळ जा, मग त्या अंतरावर पूर्ण गोल फेरी मारा. जास्तीत जास्त ७.२८ किलोमीटर. पण १९५७ मध्ये इस्बेल या गणितज्ञाने दाखवलं की ६.४० किलोमीटरांत भागतं. आधी १ किलोमीटरवर न थांबता १.१५ किलोमीटरपर्यंत पुढे जायचं. मग तिरकं परत येऊन त्या १ किलोमीटर त्रिज्येच्या गोलाला टेकायचं, गोलावरून २१० अंश चालायचं, आणि शेवटचा चौथा हिस्सा गोल न फिरता सरळ १ किलोमीटर निघून जायचं. सुरुवातीला थोडं जास्त चाललात की शेवटी पुष्कळ वाचतं.

पाणवठा:

गणितज्ञांचा आणि रानात फिरण्याचा काही खास संबंध दिसतो. जॉर्ज पोल्याची गोष्ट त्याने स्वतःच सांगितली आहे. झ्युरिकला असताना तो जवळच्या रानात फिरायला जायचा. एके दिवशी ओळखीचा एक विद्यार्थी त्याच्या वाग्दत्त वधूबरोबर फिरताना भेटला. थोड्या वेळाने पुन्हा भेटला. मग पुन्हा! त्यांच्या मागावर असल्यासारखं दिसतंय या कल्पनेने पोल्या ओशाळला, आणि प्रश्न पडला की वाट फुटेल तिकडे वळत जाणारी माणसं पुन्हा पुन्हा भेटण्याची शक्यता किती?

१९२१ मध्ये त्याचं उत्तर आलं. चौकटींच्या जाळ्यासारख्या रस्त्यांवर प्रत्येक चौकात मनाला येईल तिकडे वळत राहिलात, तर कधी ना कधी सुरुवातीच्या जागी परत येणार हे निश्चित. पण वर आणि खालीही जायची मुभा असेल, तर परत येण्याची शक्यता फक्त ३४ टक्के उरते. जमिनीवर भटकणारा घरी पोचतो, आकाशात भटकणारा बहुधा हरवतो.

रानवाट:

पाणवठा, मस्त. आता मला मूळ प्रश्नावर परत यायचंय, कारण 'किती आत जाता येईल' हे मी खऱ्याखुऱ्या जंगलांबद्दलही विचारतेय.

२०१५ मध्ये पृथ्वीवरच्या सगळ्या जंगलांचं असं मोजमाप प्रसिद्ध झालं. उरलेल्या जंगलापैकी ७० टक्के भाग कुठल्या ना कुठल्या कडेपासून १ किलोमीटरच्या आत आहे. भूमितीवेडा यांच्या त्रिकोणी जंगलाची सगळ्यात खोल जागाही १ किलोमीटरवरच होती! म्हणजे जगातल्या बहुतेक जंगलात तुम्हाला कुठेही उभं केलं, तर योग्य दिशेने पाव तास चाललात की झाडी संपते.

झाडांसाठी हे अंतर जीवनमरणाचं आहे. कडेवर ऊन आणि वारा आत घुसतो, हवा कोरडी पडते, मोठी झाडं उन्मळतात. ॲमेझॉनमध्ये मानाउस शहराजवळ १९७९ पासून मुद्दाम वेगवेगळ्या आकाराचे जंगलाचे तुकडे राखून हा अभ्यास चालू आहे: १, १० आणि १०० हेक्टर. तुकडा चौकोनी धरला तर १ हेक्टरमध्ये जास्तीत जास्त खोली ५० मीटर. १० हेक्टरमध्ये सुमारे १५८ मीटर. १०० हेक्टरमध्ये ५०० मीटर. आणि मोठी झाडं जास्त मरण्याचा परिणाम कडेपासून ३०० मीटरपर्यंत दिसलेला आहे. आता हे आकडे शेजारी ठेवून पाहा. पहिल्या दोन तुकड्यांत झाडं उभी असली तरी आतलं असं जंगलच नाही, सगळी कडच आहे.

क्षेत्रफळ दहापट केलं तर खोली फक्त तिप्पट होते. आणि मधून एक रस्ता काढला की क्षेत्रफळ जेमतेम कमी होतं, पण खोली एकदम निम्मी. हातचलाखी, पुठ्ठ्यावर मधोमध चीर पाडून मीठ ओतलंत तर हेच दिसेल.

हातचलाखी:

आत्ताच केलं. चौकोनी पुठ्ठा, मधोमध बोटभर रुंद चीर. पुठ्ठा जवळपास तेवढाच राहिला, पण शिखर गेलं. दोन बुटके ढीग, निम्म्याहूनही थोडे कमी उंच. भाची म्हणाली, "मीठ कमी झालं का?" मीठ तेवढंच ओतलं होतं, बाकीचं ताटात होतं.

आडवळण:

रानवाट, या कारणासाठी तुमची 'खोली' मला मान्य आहे. पोरांना कोडं घालताना मात्र मी माझीच मोजणी वापरणार.

भूमितीवेडा:

जाता जाता सगळ्यांना एक नवं कोडं. त्रिकोणी जंगल, कोपऱ्यातून शिरायचं, कोन दुभागत सरळ चालायचं. सगळ्यात खोल जागा बरोबर दोन-तृतीयांश वाटेवर यायला हवी. कसं जंगल घ्याल?

गोगलगाय:

समभुज! तिन्ही बाजू सारख्या, म्हणून दोन भागिले तीन. कोणत्याही कोपऱ्यातून शिरलं तरी.

संशयात्मा:

समभुजच हवा असं नाही. तुमच्याच ३-४-५ मध्ये ४ किलोमीटरच्या बाजूच्या समोरच्या कोपऱ्यातून शिरा. (३ + ५) ÷ १२. दोन-तृतीयांश.

भूमितीवेडा:

हो! म्हणजे त्याच एका जंगलात तीन कोपऱ्यांची तीन उत्तरं: बारातले सात, बारातले आठ, बारातले नऊ. हे माझ्याही लक्षात आलं नव्हतं. वहीत लिहून घेतलं.